मेट्रोचा एक किलोमीटर हजार कोटींचा कसा होतो?

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईची भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत पूर्ण धावायला लागली. कुलाबा-वांद्रे-सीप्झ, म्हणजे कागदोपत्री मेट्रो-३. लांबी ३३.५ किलोमीटर, खर्च सुमारे ३७ हजार कोटी रुपये. भागाकार केला की किलोमीटरला अकराशे कोटी. नागपूरच्या मेट्रोचा पहिला टप्पा मंजूर झाला तेव्हा ३८ किलोमीटरला ८,६८० कोटी धरले होते, म्हणजे किलोमीटरला सव्वादोनशे कोटींच्या आसपास. राज्य एकच, रुळांची रुंदीही तीच, आणि किमतीत जवळजवळ पाचपट फरक.

असे आकडे आले की दोन प्रकारचे मेसेज फिरू लागतात. एकात म्हणतात, एवढ्या पैशात किती हजार बस आल्या असत्या. दुसऱ्यात म्हणतात, जगाच्या मानाने आपण स्वस्तात काम केलं. दोन्हीत थोडं थोडं तथ्य आहे. पण हा पैसा जातो कुठे, तो देतं कोण, आणि देशाचं धोरण त्याबद्दल काय म्हणतं, हे समजून घेतल्याशिवाय कुठल्याच बाजूने बोलण्यात अर्थ नाही.

## पैसा रुळांत नसतो

मेट्रो म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गाडी येते, रूळ येतात. एकूण खर्चात या दोन्हींचा वाटा आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच कमी असतो. मोठा पैसा जातो तो रूळ ज्यावर बसतात त्यात, म्हणजे खांब, पूल, बोगदा आणि मुख्य म्हणजे स्थानकं.

रूळ जमिनीवरून नेले तर सगळ्यांत स्वस्त. खांबांवर चढवले की खर्च वाढतो, आणि जमिनीखाली नेले की कितीतरी पटींनी. नागपूरची मेट्रो जवळपास सगळी खांबांवर आहे, विमानतळापासून खापरीकडे तर ती जमिनीवर उतरते. मेट्रो-३ च्या २७ स्थानकांपैकी २६ भुयारी आहेत. पुणे या दोघांच्या मधलं. पुण्याचा पहिला टप्पा ११,४२० कोटींना मंजूर झाला. मार्ग बहुतेक खांबांवर, पण शिवाजीनगरपासून स्वारगेटपर्यंत पेठांच्या खालून. किलोमीटरला साडेतीनशे कोटींपेक्षा थोडे जास्त. मंजुरीची वर्षं वेगळी असल्यामुळे हे आकडे तंतोतंत एका तागडीत बसत नाहीत, पण वर-खाली हा फरक किती महाग असतो ते त्यांतून दिसतं.

भुयारी मेट्रोमध्ये लोकांना कौतुक असतं ते बोगदा खणणाऱ्या यंत्राचं. मेट्रो-३ साठी अशी सतरा यंत्रं लावली होती. पुढे फिरणारं दातेरी चाक खडक कुरतडत जातं आणि मागे काँक्रीटच्या तयार तुकड्यांची कडी बसत जाते, विहिरीला आतून बांधकाम करावं तशी. हे काम अवघड आहे, पण ते एका लयीत चालतं. खरी डोकेदुखी स्थानकाची असते.

आठ डब्यांच्या गाडीला साधारण १८० मीटरचा फलाट लागतो. त्याच्या दोन्ही टोकांना हवा खेळवणारी यंत्रं, वीज उपकेंद्र, सिग्नलच्या खोल्या. म्हणजे समजा अडीचशे मीटर लांब, पंचवीस मीटर रुंद आणि वीस मीटर खोल असा एक खड्डा, तोही भर रस्त्यात. हिशेब केला तर सव्वा लाख घनमीटर माती आणि दगड निघतो. एका डंपरमध्ये पंधरा घनमीटर धरले तर आठ हजारांहून जास्त फेऱ्या. उकरलेला दगड फुगतो, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही जास्त. एवढं सगळं एका स्थानकासाठी, आणि शहरात डंपरना दिवसा बंदी असते म्हणून बरंचसं रात्रीच.

आणि खणायला सुरुवात करण्याआधी त्या रस्त्याखाली जे आहे ते हलवावं लागतं. पाण्याची मुख्य वाहिनी, मैलावाहिनी, पावसाळी गटार, विजेच्या केबल, टेलिफोनच्या केबल, गॅसची पाइप. जुन्या शहरात यांतल्या निम्म्यांचे नकाशे कुणाकडे नसतात. मग हाताने चाचणी खड्डे घ्यायचे, काय सापडतं ते बघायचं, ज्या खात्याचं असेल त्याची परवानगी आणायची, बाजूने नवी वाहिनी टाकायची आणि मग जुनी बंद करायची. शेजारी शंभर वर्षांची इमारत असली तर तिच्या भिंतींवर मोजमापाची उपकरणं लावून ती किती मिलिमीटर हलते यावर नजर ठेवायची. काळबादेवी-गिरगावात तर काही जुन्या इमारतींमधल्या रहिवाशांचं तिथल्या तिथे पुनर्वसन करण्याचाच प्रश्न होता. हे सगळं प्रकल्पाच्या खर्चात येतं, आणि यायलाही हवं.

म्हणून मेट्रोची किंमत ठरते ती ठेकेदाराची निविदा उघडल्यावर नाही. मार्ग वरून न्यायचा की खालून, स्थानकं किती आणि केवढी, हे कागदावर उमटतं त्याच दिवशी ती बरीचशी ठरून गेलेली असते. न्यूयॉर्कच्या सेकंड अॅव्हेन्यूवर २०१७ मध्ये भुयारी मार्गाचा जेमतेम तीन किलोमीटरचा तुकडा सुरू झाला. तीन नवी स्थानकं आणि खर्च साडेचार अब्ज डॉलरच्या घरात. त्यामागच्या कारणांचा अभ्यास झाला तेव्हा गरजेपेक्षा कितीतरी मोठी स्थानकं हे एक मुख्य कारण पुढे आलं. उलट माद्रिदने १९९५ ते १९९९ या चार वर्षांत पन्नासहून जास्त किलोमीटर मेट्रो वाढवली ती साध्या, एकाच साच्याच्या स्थानकांवर आणि सरकारच्या स्वतःच्या छोट्या, जाणत्या अभियंत्यांच्या चमूवर. स्थानकाच्या दर्शनी भागाला कुठला ऐतिहासिक आकार द्यायचा यावर आपल्याकडे जेवढी चर्चा होते, तेवढी ते किती खोल आणि किती लांब हवं यावर व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं.

## घरभाडंही आणि हप्ताही

मेट्रो-३ चा मूळ अंदाज २३,१३६ कोटींचा होता. तो आधी ३३ हजार कोटींच्या पुढे गेला, मग ३७ हजारांच्या. एवढी वाढ म्हटली की भ्रष्टाचार हा शब्द पहिल्यांदा तोंडात येतो. पण कुणी एक पैसाही खाल्ला नाही असं गृहीत धरलं तरी उशीर एकटा खर्च कसा वाढवतो ते पाहा.

बांधकाम चालू असलेल्या इमारतीत ज्यांनी फ्लॅट घेतलाय त्यांना हे लगेच कळेल. बँकेचा हप्ता सुरू झालेला असतो आणि ताबा मिळालेला नसतो, म्हणून घरभाडंही चालूच. एक वर्ष उशीर झाला की वर्षभर दोन्हीकडे पैसे जातात. मेट्रोचं तसंच आहे. कर्जावर व्याज चढत राहतं, ठेकेदाराची माणसं आणि क्रेन जागेवर बसून राहतात त्याची भरपाई द्यावी लागते, सिमेंट-पोलादाचे भाव वर्षागणिक वाढतात आणि तिकिटाचा एक रुपयाही येत नसतो. त्यात कर्ज परकीय चलनात असेल तर रुपया घसरल्याचा फटका वेगळा.

मेट्रो-३ च्या बाबतीत कारशेड आरेमध्ये की कांजूरमार्गला हा वाद २०१९ पासून २०२२ पर्यंत चालला. कारशेड म्हणजे गाड्या रात्री उभ्या राहण्याची आणि दुरुस्तीची जागा. ती नाही तर मेट्रो नाही. मधल्या काळात जागा बदलली, न्यायालयाची स्थगिती आली आणि शेवटी पुन्हा आरे. आरेतली झाडं तोडण्याचा प्रश्न खरा होता आणि तो विचारणारे लोक चुकीचे नव्हते. माझं म्हणणं एवढंच, की हा प्रश्न बोगद्याचं काम सुरू होण्याआधी, पर्याय खुले असताना, सगळ्यांसमोर सुटायला हवा होता. निर्णय आधी आणि चर्चा नंतर, या क्रमाची किंमत शहर पैशांत मोजतं.

## हा पैसा देतं कोण

मेट्रोसाठी केंद्र सरकारच्या मदतीच्या तीन वाटा आहेत आणि त्या २०१७ च्या मेट्रो रेल्वे धोरणात लिहिलेल्या आहेत. पहिली, केंद्र आणि राज्य निम्म्या-निम्म्या भागभांडवलाची कंपनी काढतात. दिल्ली मेट्रोची कंपनी १९९५ मध्ये याच पद्धतीने उभी राहिली, आणि नागपूर-पुण्याची मेट्रो बांधणारी आपली महामेट्रोही तशीच आहे. दुसरी, केंद्र प्रकल्पखर्चाच्या दहा टक्के रक्कम एकदाच देऊन मोकळं होतं. तिसरी, खासगी कंपनी बांधते आणि तिला तूट पडेल तेवढ्यापुरतं अनुदान सरकार देतं.

पण पहिल्या वाटेतही भागभांडवलाने सगळा खर्च निघत नाही. साधारण निम्मा, कधी त्याहून जास्त पैसा कर्जाचा असतो. मेट्रो-३ ला जपान सरकारच्या जायका या मदतसंस्थेने कर्ज दिलं. नागपूरला जर्मनीची केएफडब्ल्यू आणि फ्रान्सची एएफडी. पुण्याला युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँक आणि एएफडी. व्याज कमी, मुदत लांब. कर्ज चांगलं असलं तरी ते कर्जच असतं, आणि मेट्रोला ते फेडता आलं नाही तर ओझं बहुतेक राज्याच्या तिजोरीवर येतं.

आता थोडं मागे जाऊ. २००६ मध्ये केंद्राने राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरण आणलं. त्याचं मध्यवर्ती वाक्य सोपं होतं: वाहनं हलवायची नाहीत, माणसं हलवायची. पादचारी, सायकल आणि सार्वजनिक वाहतुकीला प्राधान्य, आणि शहरातल्या सगळ्या वाहतुकीसाठी एकच प्राधिकरण असावं अशी सूचना. २०१७ च्या धोरणाने त्यात दात आणले. मेट्रो मागायच्या आधी शहराने बस, बीआरटी (म्हणजे बससाठी वेगळी मार्गिका), ट्राम असे इतर पर्याय तपासून दाखवलेच पाहिजेत. प्रकल्पाचा परतावा मोजायची पद्धतही बदलली. आधी फक्त रोख मिळकत बघत, ती आठ टक्के हवी असे. आता समाजाचा एकूण फायदा बघतात, म्हणजे वाचलेला वेळ, इंधन, टळलेले अपघात, कमी झालेला धूर यांची पैशांत किंमत करून तो परतावा चौदा टक्के हवा.

कल्पना उत्तम आहे. पण हे सगळे फायदे एका आकड्यावर उभे असतात: रोज किती माणसं बसतील. तो अंदाज दुप्पट धरला की वाचलेला वेळ दुप्पट, धूरही दुपटीने कमी आणि परतावा आपोआप पास. आणि अंदाज करणाऱ्याला तो चुकल्याबद्दल पुढे कुणी जाब विचारत नाही. संसदेच्या स्थायी समितीनेही २०२२ मध्ये मेट्रो प्रकल्पांचा आढावा घेताना हेच दुखणं मांडलं होतं. दिल्लीसारखे अपवाद सोडले तर बहुतेक मेट्रोंचे प्रवासी, खर्च भरून निघायला लागतात त्यापेक्षा कमी होते.

## किलोमीटरला किती, की प्रवासाला किती?

इथे मला या लेखातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. किलोमीटरमागे खर्च हा आकडा बातमीला सोयीचा आहे, पण निर्णयाला त्याचा उपयोग कमी. विचारायला हवं ते असं, की एका माणसाच्या एका प्रवासामागे हा खर्च किती पडतो?

समजा दहा हजार कोटींची मेट्रो आहे. या पैशावर वर्षाला आठ टक्के धरले तर आठशे कोटी. हे नुसतं भांडवलाचं ओझं, वीज-पगार वेगळे. आता रोज एक लाख प्रवासी असतील तर वर्षाला तीन कोटी पासष्ट लाख प्रवास झाले. भागाकार करा, एका प्रवासामागे सुमारे २२० रुपये. तिकीट असतं वीस-तीस रुपयांचं. आता तीच मेट्रो, तेच खांब, फक्त प्रवासी रोज पाच लाख. हाच आकडा ४४ रुपयांवर येतो. कर्ज स्वस्त मिळालं आणि चारच टक्के धरले, तर दोन्ही आकडे निम्मे होतील, पण त्यांच्यातलं पाचपट अंतर तसंच राहील.

म्हणजे महाग मेट्रो ती, जिच्यात माणसं नाहीत. अकराशे कोटी किलोमीटरची मेट्रो भरलेली असेल तर ती दोनशे कोटींच्या रिकाम्या मेट्रोपेक्षा स्वस्त ठरू शकते.

मुंबईची पहिली मेट्रो घ्या. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर, लांबी फक्त ११.४ किलोमीटर, जून २०१४ मध्ये सुरू झाली. तिच्यातून रोज साडेचार-पाच लाख लोक जातात, चार डब्यांच्या गाडीत सकाळी पाय ठेवायला जागा नसते. कारण काय? ती अंधेरीला पश्चिम रेल्वेला भेटते आणि घाटकोपरला मध्य रेल्वेला. उत्तर-दक्षिण धावणाऱ्या दोन भरलेल्या रेल्वेंना तिने आडवं जोडलं. आधी हाच प्रवास बसने गर्दीच्या वेळी तास-सव्वा तास खायचा. एका आडव्या रेघेने लाखो लोकांचा दिवस बदलला. मार्ग कुठे ओढायचा हे किती मोलाचं असतं त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

यावर रास्त आक्षेप असा, की पहिल्या मार्गावर सहसा एवढी गर्दी नसते, जाळं वाढलं की प्रवासी वाढतात. बरोबर आहे. दिल्लीत २००२ मध्ये शाहदरा ते तीस हजारी एवढाच तुकडा सुरू झाला होता, आणि आज ते जाळं शहराच्या बाहेर पसरलंय. एका टेलिफोनचा काही उपयोग नसतो, दुसरा आला की सुरू होतो. पण जाळं म्हणजे फक्त मेट्रोचं जाळं नव्हे. बस, लोकल, रिक्षा, फुटपाथ हेही त्याचे धागे आहेत. पुढचा मार्ग दहा वर्षांनी येणार असेल, तर तोपर्यंतचं जाळं बसच विणू शकते.

## “मग एवढ्या पैशात बसच का घेत नाही?”

काही मार्गांवर खरंच बसच घ्यायला हवी, आणि काही मार्गांवर बस पुरणार नाही. हे भावनेने ठरवायची गरज नाही. गर्दीच्या तासात, एका दिशेने, किती माणसं जाणार आहेत हा आकडा बघायचा.

वेगळी मार्गिका मिळाली आणि दर अर्ध्या मिनिटाला एक बस सुटली, तर तासाला १२० बस. बसमध्ये सत्तर माणसं धरली तर ८,४००. सहा डब्यांची मेट्रो दर तीन मिनिटांनी सोडली तर तासाला तीस हजारांच्या पुढे. केंद्रानेही अशाच पायऱ्या आखल्या आहेत. आठ हजारांपर्यंत रबरी टायरवर धावणारी मेट्रो निओ, पंधरा हजारांपर्यंत मेट्रो लाइट आणि त्यापुढे नेहमीची मेट्रो. नाशिकच्या मेट्रो निओची घोषणा २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली होती, केंद्राचे २,०९२ कोटी धरून. तिथे अजून एकही गाडी धावलेली नाही. आणि पुण्या-नागपुरात आज तीन डब्यांच्या गाड्या धावतात. गाडीत साडेनऊशे माणसं आणि दर सहा मिनिटांनी गाडी धरली, तर तासाला साडेनऊ हजार. म्हणजे चांगल्या चाललेल्या बसमार्गिकेपेक्षा थोडेसेच जास्त. फेऱ्या आणि डबे वाढवायला पुढे वाव आहे हे खरं, पण तो वाव वापरला जाईपर्यंत आपण बसएवढी माणसं मेट्रोच्या किमतीत नेत असतो.

मग शहरं बसकडे का वळत नाहीत? याचं उत्तर धोरणातच आहे. एखाद्या गावाला शाळेची इमारत बांधून द्यावी आणि मास्तरांच्या पगाराचं तुमचं तुम्ही बघा म्हणावं, तसं आपलं बरीच वर्षं चाललं. केंद्राचा पैसा प्रामुख्याने बांधण्यासाठी मिळायचा, चालवण्यासाठी नाही. मेट्रोचा खर्च बहुतेक बांधण्याचा, तर बसचा रोज चालवण्याचा: ड्रायव्हर, वाहक, डिझेल, टायर. जिथे बाहेरून पैसा येतो तिकडे राज्य आणि महापालिका वळणार, यात कुणा एकाचा दोष नाही. २००९ नंतर केंद्राने जेएनएनयूआरएम या शहरविकास योजनेतून शहरांना बस घ्यायला पैसे दिले तेव्हाही तेच झालं. बस आल्या, आणि दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणून अनेक ठिकाणी डेपोत उभ्या राहिल्या. ऑगस्ट २०२३ मधली पीएम ई-बस सेवा योजना म्हणून मला महत्त्वाची वाटते. दहा हजार इलेक्ट्रिक बस, केंद्राचे वीस हजार कोटी, आणि मदत बस चालवण्यासाठी, दहा वर्षं. रक्कम मेट्रोच्या मानाने लहान आहे, पण दिशा योग्य आहे.

बसला रस्ताही द्यावा लागतो. पुण्यात डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी सुरू झाली. मार्गिकेत दुचाक्या घुसत राहिल्या, चौकाचौकांत ती तुटत गेली, आणि एकसंध अशी कधी राहिलीच नाही. काँक्रीटला पैसे मिळाले होते. मार्गिका मोकळी ठेवायला रोज लागणारी माणसं आणि मन, दोन्ही कमी पडलं.

## “खासगी कंपनीला द्या, म्हणजे सरकारचे पैसे वाचतील”

हे करून झालंय. मुंबईची पहिली मेट्रो खासगी भागीदारीतलीच. तिचा मूळ खर्च २,३५६ कोटी होता. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे तो ४,३२१ कोटींवर गेला, आणि तिकीट किती असावं यावरून सरकार आणि कंपनी न्यायालयात गेले. दिल्लीची विमानतळ मेट्रो २०११ मध्ये सुरू झाली, २०१३ मध्ये खासगी कंपनी बाहेर पडली, आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयात २०२४ पर्यंत चालला. हैदराबादची ६९ किलोमीटरची मेट्रो हा देशातला सगळ्यांत मोठा खासगी प्रयोग. तीही राज्य सरकारने ताब्यात घ्यायचं २०२५ मध्ये ठरलं.

खासगी कंपन्या वाईट आहेत असं मला यातून म्हणायचं नाही. तिकिटातून मेट्रोचं भांडवल वसूल होणं जवळजवळ कुठेच शक्य नसतं. हे माहीत असूनही करार मात्र ते होईल असं धरून केले जातात, आणि प्रवासी अंदाजाएवढे आले नाहीत की करार तुटतो. शेवटी जोखीम फिरून सरकारकडेच येते, वर वकिलांचा खर्च.

## “तोट्यातली गोष्ट चालवायचीच कशाला?”

आपण उड्डाणपुलाला हा प्रश्न कधी विचारला आहे का? बहुतेक उड्डाणपुलांवर तिकीट नसतं, त्यांचा ताळेबंद कुणी छापत नाही, म्हणून त्यांचा तोटा दिसत नाही. गाडी दिवसभर रस्त्याच्या कडेला फुकट उभी राहते, तेही अनुदानच. मेट्रो आणि बस तिकीट घेतात, म्हणून त्यांचा तोटा दिसतो. एवढाच फरक.

तिकीट वाढवून पाहायचं तर तेही झालं. मेट्रोचे दर २००२ च्या कायद्याप्रमाणे न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालची समिती ठरवते. बेंगळुरूत फेब्रुवारी २०२५ मध्ये कमाल भाडं ६० वरून ९० रुपये झालं आणि लगेच प्रवासी घटले. मुंबईत मे २०२५ मध्ये बेस्टचं किमान भाडं पाचावरून दहा झालं. घरकाम करणारी बाई दिवसात चार बस बदलत असेल तर तिला ते महिन्याला पाचशे रुपयांच्या आसपास पडतं. त्या पैशांसाठी ती चालायला लागते, आणि मग बसचा तोटा आणखी वाढतो.

## जमिनीचा भाव वाढतो, तो कुणाचा?

मेट्रोचा मार्ग जाहीर झाला की दुसऱ्या दिवशी बिल्डरच्या फलकावर “मेट्रोपासून पाच मिनिटांवर” असं झळकतं. मेट्रो सगळ्यांच्या पैशाची, वाढ मात्र तिथल्या जमीनमालकाची. ही वाढ थोडीतरी परत घ्यायची वाट आपल्याच राज्यात सापडली होती. नवी मुंबईची रेल्वे, ते शहर वसवणारी सिडको आणि रेल्वे यांनी मिळून बांधली, आणि त्यात ६७ टक्के वाटा सिडकोचा. मानखुर्दहून खाडी ओलांडून पहिली लोकल वाशीला मे १९९२ मध्ये गेली. सिडकोकडे जमीन होती, आणि रेल्वे आल्यामुळे तिचा भाव वाढणार होता. ती वाढ विकून रेल्वे बांधायची, असा सरळ हिशेब. वाशी, बेलापूरच्या स्थानकांवर कार्यालयांच्या इमारती आहेत त्या याच विचारातून. हाँगकाँगची मेट्रो याच तत्त्वावर चालते म्हणून तिचं जगभर नाव होतं. आपल्याकडे तो धडा गिरवलेला होता आणि आपण तो पुढे नेला नाही, याचं मला वाईट वाटतं.

आज आपण वेगळं करतो. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर इथे एप्रिल २०२२ पासून घर घेताना मुद्रांक शुल्काशिवाय घराच्या किमतीच्या एक टक्का मेट्रो अधिभार भरावा लागतो. मेट्रोपासून पंधरा किलोमीटर लांब वन बीएचके घेणारं जोडपंही तो भरतं, आणि स्थानकाशेजारी पूर्वीपासून दहा एकर असलेला मालक विकेपर्यंत काहीच भरत नाही.

## खांब एक, खाती अनेक

नागपूरला वर्धा रोडवर एकाच खांबावर खाली महामार्गाचा उड्डाणपूल आणि वर मेट्रो आहे, तीन किलोमीटरहून थोडं जास्त. महामार्ग प्राधिकरण आणि मेट्रो वेळेवर एकत्र बसले, म्हणून खांबांची दुसरी रांग, दुसरी जागा आणि दुसऱ्यांदा खोदाई वाचली. पुण्यात विद्यापीठ चौकात उलट झालं. तिथला उड्डाणपूल दीड दशकही जुना नव्हता, तो हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोसाठी २०२० मध्ये पाडावा लागला आणि त्या जागी दुमजली पूल बांधावा लागला. पहिला पूल बांधताना वरून पुढे काय जाणार याचा विचार करायचं काम कुणा एकाचं नव्हतं. २००६ च्या धोरणाने एकच प्राधिकरण सुचवलं होतं ते नेमकं यासाठी.

आणि २०१७ चं धोरण असंही म्हणतं, की स्थानकापासून पाच किलोमीटरच्या परिघात पूरक बस, चालायची आणि सायकलची सोय हा मेट्रो प्रकल्पाचाच भाग असावा.

गेल्या पावसाळ्यात संध्याकाळी सातच्या सुमारास मी एका नव्या स्थानकावर उतरलो. वर सरकता जिना, काचेचं सुरक्षादार, लखलखीत फरशी. जिन्याच्या शेवटच्या पायरीनंतर फुटपाथ पंचवीस-तीस पावलं होता, मग एक उघडं चेंबर, त्यावर कुणीतरी खुणेसाठी झाडाची फांदी रोवलेली. पुढे खांबाने फुटपाथ अडवलेला, म्हणून सगळे रस्त्यावर उतरत होते. एक आजी नातवाचा हात धरून थांबल्या होत्या, मागून येणाऱ्या रिक्षांमध्ये फट पडायची वाट बघत. स्थानक मेट्रो कंपनीचं, फुटपाथ महापालिकेचा, चेंबर पाणीपुरवठ्याचं की ड्रेनेजचं ते तिथल्या पानवाल्यालाही सांगता येईना. बसथांबा होता, पण स्थानकापासून मोजली तर तीनशे दहा पावलं, आणि त्यांतली शंभरेक रस्त्यावरून. आजींनी शेवटी मुलाला फोन लावला. तो दुचाकी घेऊन आला आणि तिघं एकाच गाडीवरून गेले.